धर्मग्रामाचें हिरवें दप्तर

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



पन्नास वर्षांचा काळ वडाच्या आयुष्यांत फारसा मोठा नव्हे. परंतु धर्मग्रामाच्या आयुष्यांत तो थोडाथोडका म्हणतां येणार नाहीं. या काळांत प्रभूनें आपल्यावर जी कृपा केली, तिजबद्दल आज सकाळीं पवित्र मिस्साबलिदानांत आपण त्याचे उपकार मानले. माझ्यापूर्वीं या वेदीची सेवा करून गेलेले धर्मगुरु, आपल्या मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या धर्मभगिनी, आणि हें देऊळ उभें राहतांना डोक्यावर रेतीच्या पाट्या वाहणारे आपले वडीलधारे, या सर्वांची स्मृति माझ्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं इतक्या समर्पक शब्दांत जागविली आहे कीं, त्यांत भर घालण्याचें धाडस मी करीत नाहीं. मला एका वेगळ्याच गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे, आणि शेवटीं आपणांपाशीं एक मागणेंही मागावयाचें आहे.

महोत्सवाच्या तयारीसाठीं गेले कांहीं महिने मी रात्रीं जेवणानंतर देवळाच्या कपाटांतील जुनीं दप्तरें उघडून बसत असें. बाप्तिस्म्याचें पुस्तक, विवाहाचें पुस्तक, मृतांचें पुस्तक. प्रत्येक ओळींत नांव, तारीख, आईबाप, गांव आणि साक्षीदार. अशी नोंद ठेवण्याची शिस्त ख्रिस्तसभेंत फार जुनी आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहाचें पुस्तक ठेवण्याचें कर्तव्य प्रत्येक धर्मग्रामाच्या गुरूवर घातलें, आणि तेव्हांपासून मोठमोठीं राज्यें लयास गेलीं तरी हीं पुस्तकें लिहिलीं जात आहेत. ज्याचें नांव त्यांत आहे तो समुद्रापलीकडे गेला, वा मातींत निजला, तरी त्याची साक्ष येथें राहते.

तीं पानें चाळतांना माझ्या मनांत एक विचार वारंवार येई. आपल्या आजोबांचें नांव मृतांच्या पुस्तकांत सांपडेल. पण त्यांच्या विहिरीच्या कांठीं कोणत्या वेली होत्या, त्यांच्या शेताच्या बांधावर पहिल्या पावसाबरोबर काय उगवत असे, हें कोणत्या पुस्तकांत सांपडेल? ज्या हिरव्या सृष्टीच्या सावलींत या धर्मग्रामानें पन्नास वर्षें काढलीं, तिची नोंद आपण कोठें ठेवली आहे?

हा प्रश्न मला केवळ विचारानें सुचला नाहीं; तो एका चुकीमुळें सुचला, आणि ती चूक माझी आहे. मी येथें येऊन थोडेच दिवस झाले होते. आपल्या धर्मग्रामांत तेव्हां ऐंशी वर्षें ओलांडलेली एक माउली होती. तिला रुग्णाभिषेक देण्यासाठीं मी गेलों असतां ती अंगणांत खाट टाकून पडली होती. बोलतां बोलतां तिनें कुंपणाच्या कडेची एक बारीक पानांची वनस्पति दाखविली आणि म्हणाली, “फादर, ही ओळखतां का? माझ्या सातही बाळंतपणांत माझ्या सासूनें हीच वाटून दिली.” तिनें आपल्या बोलींतील तिचें नांव सांगितलें. मला तें नांव गोड वाटलें, म्हणून मीं तें एका चिठोऱ्यावर लिहून माझ्या प्रार्थनापुस्तकांत ठेविलें. पान मात्र ठेविलें नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत ती माउली प्रभूकडे गेली. दोन वर्षांनीं तें अंगणही गेलें. तेथें आज मोटारी उभ्या राहतात. तो चिठोरा अजून माझ्यापाशीं आहे. मीं तें नांव पुष्कळांना विचारलें. कोणी म्हणालें, ऐकल्यासारखें वाटतें. कोणी दोन निरनिराळीं झाडें दाखविलीं. नांव उरलें, वनस्पति हरवली. बाप्तिस्म्याच्या पुस्तकांत नांव आहे, पण तें कोणाचें हें सांगणारा कोणी नाहीं, असा हा प्रकार झाला.

बंधुभगिनींनो, अशा प्रसंगीं एक वाळलेली डहाळी कागदावर असती, तर सारें काम झालें असतें. म्हणूनच गेल्या तीन वर्षांपासून आपल्या धर्मशिक्षणवर्गांतील मुलें व मी मिळून जें काम करीत आहों, तें आज मी आपल्यासमोर ठेवीत आहें. आपल्या परिसरांतील देशी वनस्पतींचा एक शुष्क संग्रह, ज्याला शास्त्रांत हर्बेरियम म्हणतात, तो या धर्मग्रामांत उभा राहावा आणि सर्वांना पाहण्यास खुला असावा, अशी माझी इच्छा आहे.

हें कांहीं नवें खूळ नव्हे. सोळाव्या शतकांत इटलींतील बोलोन्या व पीसा येथें लुका गिनी (१४९०–१५५६) या आचार्यांनीं वनस्पति दाबून, वाळवून कागदावर चिकटविण्याची पद्धत आपल्या शिष्यांना शिकविली, असें मानलें जातें. अशा संग्रहाला लॅटिनमध्यें ‘सुकी बाग’ या अर्थाचें नांव होतें, आणि तें यथार्थ आहे. कारण या बागेला ऋतु नाहीं. बाहेर वैशाख पोळत असतांना तिच्यांत श्रावणांतील फूल पाहतां येतें. आज जगांत असे तीन हजारांहून अधिक संग्रह असून त्यांत सुमारें ४० कोटी नमुने जपून ठेविलेले आहेत. लिनियस (१७०७–१७७८) या थोर शास्त्रज्ञानें स्वतः हाताळलेलीं पत्रकें लंडनमध्यें अद्याप सुरक्षित आहेत. एखाद्या वनस्पतीच्या नांवाविषयीं वाद उत्पन्न झाला, तर ज्या नमुन्यावरून तें नांव प्रथम दिलें गेलें, तो नमुनाच काढून पाहतात. न्यायालयांत मूळ दस्तऐवजाला जें स्थान, तेंच येथें त्या वाळलेल्या फांदीला.

आपल्या देशाशीं तर या विद्येचा संबंध निकटचा आहे. ट्रेंटच्या परिषदेनें तो नियम केला, त्याच १५६३ सालीं गोव्यांत गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानांतील औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ छापून निघाला. मुंबई बेट त्या काळीं या वैद्याकडे खंडानें होतें. मूळच्या यहुदी कुळांतील या मनुष्याच्या अस्थि १५८० सालीं गोव्याच्या इन्क्विझिशननें थडग्यांतून उकरून जाळल्या, हेंही मी लपवूं इच्छीत नाहीं. ज्यानें या भूमीच्या झाडांची नांवें जपलीं, त्याचें नांव पुसण्याचा प्रयत्न आपल्याच लोकांनीं केला, याची लाज आपण बाळगिली पाहिजे. पुढें मात्र ख्रिस्तसभेच्या सेवकांनीं या विद्येची मोठी सेवा केली. स्वित्झर्लंडमध्यें १८७७ सालीं जन्मलेले येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे १९०३ मध्यें मुंबईस आले. सेंट झेवियर्स कॉलेजांत त्यांनीं जो संग्रह वाढविला, तो आज ‘ब्लॅटर हर्बेरियम’ या नांवानें विख्यात असून पश्चिम भारतांतील वनस्पतींचा तो मोठा आधार आहे. त्यांच्यामागून त्याच कॉलेजांत आलेले स्पेनदेशीय फादर सांतापाऊ (१९०३–१९७०) यांनीं खंडाळ्याचे डोंगर पायीं तुडवून तेथील वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. तो १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें ते भारतीय वनस्पति सर्वेक्षण या सरकारी खात्याचे संचालक झाले, व १९६७ मध्यें त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. परदेशांतून आलेल्या या धर्मगुरूंना आमच्या घाटांतील गवताची काडीही तुच्छ वाटली नाहीं. मग आपल्याच अंगणांतील वनस्पतींना आपण ‘रान’ म्हणून कां सोडावें?

आतां हें काम कसें चालतें तें थोडक्यांत सांगतों. फूल अथवा फळ असलेली लहानशी फांदी कापावी. रोप लहान असेल व त्या जागीं विपुल असेल, तरच मुळासकट घ्यावें. तिला वर्तमानपत्राच्या घडींत नीट पसरावें, एकदोन पानें उलटीं ठेवावीं म्हणजे खालची बाजूही दिसेल, आणि टीपकागदांसह लांकडी पट्ट्यांच्या दोन चौकटींमध्यें घट्ट आवळावें. पुरती सुकली कीं, जाड कागदाच्या पत्रकावर तिला बारीक टांके घालून वा डिंकानें बसवावें, आणि उजव्या कोपऱ्यांत चिठी लावावी. सारा प्राण त्या चिठींत आहे.

पहिल्याच वर्षीं आमची फजिती झाली. जुलै महिन्यांत मुलांनीं मोठ्या हौसेनें चाळीस वनस्पति आणिल्या. आम्हीं त्या कागदांत घालून वर पाटा ठेविला, आणि मी वार्षिक तपसाधनेला आठ दिवस निघून गेलों. परत येऊन पाहतों तों सर्व कागद काळे पडून त्यांवर बुरशीचा मखमली थर चढलेला! पावसाळ्यांत पहिले कांहीं दिवस रोज कागद बदलावे लागतात, ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. मुलें हिरमुसलीं. परंतु त्यांतल्याच एका मुलीनें आपल्या घरीं रोज संध्याकाळीं कागद बदलण्याचें व ओले कागद चुलीच्या उबेला सुकविण्याचें काम अंगावर घेतलें, आणि दुसऱ्या खेपेस एकही नमुना कुजला नाहीं. किडीसाठीं पूर्वीं पाऱ्याचें विषारी द्रव्य वापरीत. तें आपण मुळींच वापरीत नाहीं. पत्रकें पिशवींत बंद करून कांहीं दिवस खोल शीतपेटींत ठेविलीं कीं कीड मरते. एका मासळीविक्रेत्या कुटुंबानें आपली शीतपेटी त्यासाठीं उपलब्ध करून दिली आहे.

चिठींत काय लिहावयाचें, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. आपल्या किनाऱ्यावर वाळूंत पसरणारी जांभळट फुलांची वेल आपण सर्वांनीं पाहिली आहे. तिचें शास्त्रीय नांव ‘आयपोमिया पेस-काप्री’. सेमिनरींत शिकलेलें लॅटिन मला येथें उपयोगी पडलें. ‘पेस-काप्री’ म्हणजे बकरीचा पाय, कारण तिचें दुभंगलेलें पान खुरासारखें दिसतें. परंतु आपल्या पूर्वजांनीं तिला ‘मर्यादवेल’ म्हटलें. समुद्राची मर्यादा जेथें संपते तेथें ती उगवते व वाळू धरून ठेवते. परमेश्वरानें समुद्राला सीमा घालून दिली असें ईयोबाच्या ग्रंथांत आपण वाचतों. त्या सीमेवर हिरवी रेघ ओढणारी ही वेल आहे. शास्त्रज्ञानें पान पाहिलें, कोळ्यानें समुद्र पाहिला. दोन्ही नांवें चिठीवर हवींत. त्यांखालीं गांव, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचें नांव, आणि सुकल्यावर जें नाहींसें होतें तें सर्व: फुलाचा रंग, वास, वेलीची लांबी. शेवटीं, ज्या वडील माणसानें नांव सांगितलें त्याचें नांव, त्याची संमति असल्यास. बाप्तिस्म्याच्या पुस्तकांत साक्षीदाराची सही असते ना, तशी.

अशीं सुमारें दोनशें पत्रकें आज तयार आहेत. उंडी, पारोसा भेंड, करंज, शिंदी, पावसाळ्यांतला टाकळा, कुर्डू, शेवळ, तेरडा, खाडीकांठचें तिवर. तिचीच सोबतीण पांढरी चिपी. तिला महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. मुलांना वाटे, खाडींतला चिखल म्हणजे निरुपयोगी जागा. त्या चिखलांत राहणाऱ्या झाडाचें नांव कळल्यावर तीच मुलें आतां तेथें कचरा टाकणाऱ्याला हटकतात. नांवाचा प्रभाव असा असतो.

देशी म्हणजे काय, हा प्रश्नही मुलांनींच उपस्थित केला. आपल्या दफनभूमींतला चाफा अमेरिकेकडून आलेला. देवळापुढचा गुलमोहर मादागास्करचा. मिरची, काजू, अननस, पेरू हीं सर्व अमेरिकेचीं बाळें. तीं घरचींच झालीं आहेत, आणि पाहुण्याला हांकलून देणें हा आपला धर्म नव्हे. परंतु घाणेरी व जलपर्णी यांसारखे कांहीं पाहुणे घरधन्यालाच बाहेर काढतात. तेव्हां मूळचें कोण व मागून आलेलें कोण, हें ओळखूं येणें अगत्याचें आहे. आणि तें ओळखण्याचें साधन हाच संग्रह.

एके दिवशीं आपल्यापैकीं एका वडील गृहस्थांनीं मला स्पष्ट विचारलें, “फादर, पावसांत देवळाचें छप्पर गळतें, दोन घरांत औषधाला पैसा नाहीं, आणि तुम्ही गवत कागदाला चिकटवीत बसलांत?” मीं म्हटलें, “काका, तुमचें म्हणणें खरें आहे. छप्पराचें काम आधीं, गरिबांचें त्याहून आधीं.” आणि तसेंच झालेंही, या संग्रहासाठीं दानपेटींतील एक पैसाही आजवर घेतलेला नाहीं. परंतु काकांना मीं आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपणांसही सांगतों. छप्पर यंदा राहिलें तर पुढल्या वर्षीं घालतां येईल. हरवलेली वनस्पति व हरवलेलें नांव पुढल्या वर्षीं कोणत्याही पैशानें आणतां येणार नाहीं. वसईच्या या हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठीं कीर्तिशेष फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी झगडले, हें आपणांस ठाऊक आहे. पण रक्षण करावयाचें तें नक्की कशाचें, हें जर आपल्या मुलांना सांगतां आलें नाहीं, तर झगडा कशासाठीं व कोणाच्या बळावर चालणार? ज्याचें नांव ठाऊक नाहीं, तें गेलें तरी गेलेंसें वाटत नाहीं.

पवित्र शास्त्र पाहा. देवानें सृष्टि निर्माण केली, आणि प्राण्यांना नांवें देण्याचें काम आदामावर सोपविलें. शलमोन राजाच्या शहाणपणाचें वर्णन करतांना, तो गंधसरूपासून भिंतींतल्या एजोबापर्यंत सर्व झाडांविषयीं बोलत असे, असें शास्त्र सांगतें. प्रभु येशूनें तर मोहरी, अंजीर, द्राक्षवेल व शेतांतलें निदण यांनाच आपले उपदेशक केलें. फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं ख्रिस्तपुराणांत मराठीची थोरवी सांगतांना मोगऱ्याचा दाखला दिला. वाचकाला मोगरा ठाऊक होता, म्हणूनच त्या उपमेला सुगंध आला. ज्या पिढीला झाडें ठाऊक नाहींत, तिला शास्त्रांतले दाखले व आपल्या भाषेंतल्या उपमा दोन्ही परक्या होतील. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकांत, दरवर्षीं नष्ट होणाऱ्या हजारों जीवजातींची ओळख आपल्या मुलांना कधींच होणार नाहीं, याबद्दल दुःख व्यक्त केलें आहे.

दोन सावधगिरीच्या सूचना देणें माझें कर्तव्य आहे. पहिली ही कीं, हा संग्रह म्हणजे दवाखाना नव्हे. कळलावीचें फूल सुंदर, पण तिचा कंद प्राणघातक आहे. पत्रक पाहून कोणीही औषध करूं नये. दुसरी ही कीं, संग्रहाच्या हौसेनें आपणच नाशाचें कारण होऊं नये. एकच झाड दिसलें तर त्याला हात न लावितां छायाचित्र घ्यावें; कांदळवनांत वा तुंगारेश्वराच्या अभयारण्यांत योग्य परवानगीवांचून एक पानही तोडूं नये. आमच्या संग्रहांतील खाडीकांठचे नमुनेही गळून पडलेल्या फांद्यांचे आहेत.

आतां माझें मागणें. सभागृहाच्या वरच्या मजल्यावरील कोपऱ्याची खोली कोरडी आहे. तींत सध्यां मोडक्या खुर्च्या पडल्या आहेत. ती खोली व दोन लोखंडी कपाटें, एवढी जागा या संग्रहाला द्यावी. तरुणांपैकीं चारपांच जणांनीं पत्रकांची निगा राखण्याचें व्रत घ्यावें. प्रत्येक नमुन्याची दुसरी प्रत जाणत्या शास्त्रज्ञांकडे तपासण्यास पाठवावी, म्हणजे आमच्या चुका आमच्याबरोबर वाढणार नाहींत. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें स्थानिक संस्थांनीं लोकांच्या साहाय्यानें जी नोंदवही तयार करावयाची असते, तिलाही आपली पत्रकें साह्य करतील. खोली दर रविवारीं मिस्सानंतर सर्वांसाठीं उघडी असावी. शाळांतील मुलें, मग तीं कोणत्याही धर्माचीं असोत, येथें येवोत. आणि डोंगराकडील आमचे वारली बांधव, ज्यांना आपल्याहून कितीतरी अधिक वनस्पति ठाऊक आहेत, ते येथें शिक्षक म्हणून येवोत.

वडील मंडळींना मात्र माझी वेगळी विनंति आहे. महिन्यांतून एक संध्याकाळ आम्हांला द्या. आपली सामवेदी, वाडवळी, कोळी, जी बोली असेल तींत, तुम्हांला ठाऊक असलेलीं नांवें सांगा. मुलें लिहून घेतील, आणि या खेपेस पानही ठेवतील.

झावळ्यांच्या रविवारीं आशीर्वादिलेली झावळी आपण घरीं नेऊन क्रूसामागें खोंवतों. ती सुकते, तरी सुकली म्हणून कोणी ती केरांत टाकीत नाहीं. वर्षभर ती प्रभूच्या प्रवेशाची आठवण देते, आणि राखेच्या बुधवारीं त्याच झावळ्यांची राख आपल्या कपाळीं लागते. वाळलेल्या पानांत जिवंत स्मृति राहूं शकते, हें आपल्याला कोणी नव्यानें शिकविण्याची गरज नाहीं. आपल्या घरोघरीं तो संग्रह आधींच आहे. त्याला फक्त एक खोली द्या.

माझ्या प्रार्थनापुस्तकांतला तो चिठोरा मीं पहिल्या पत्रकाच्या मधोमध लाविला आहे. सभोंवतीं कागद कोरा आहे. हें भाषण ऐकून कोणा एखाद्या आजीला तें नांव आठवलें, आणि तिनें तें झाड दाखविलें, तर या महोत्सवाची सर्वांत मोठी भेट मला मिळाली असें मी समजेन. ज्या परमेश्वरानें तिसऱ्या दिवशीं भूमीला हिरवळ उपजविण्याची आज्ञा केली, तो आपल्या घरांना, वाड्यांना व या धर्मग्रामाला पुढील पन्नास वर्षें हिरवीं ठेवो, हीच प्रार्थना.